बेचाळीस अक्षरांत

एका ओळीत बेचाळीस अक्षरं. ओळी फार तर दोन.
वाचणाऱ्याचा डोळा सेकंदाला किती धावतो
तेही कंपनीनं मोजून ठेवलंय.
मी बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर,
काच लावून खोली केलेल्या गॅलरीत बसते
आणि परदेशी मालिकांना मराठी पट्ट्या लावते.
मिनिटाच्या दरानं. चुका झाल्या तर कापून.

सध्या पाचवा भाग.
नवरा-बायको, समुद्राकाठचं घर, लग्नाला एकोणीस वर्षं.
मी दोघांना 'तू' दिलंय.
आमच्याकडे एकाच बाजूनं 'अहो'.

ती पलंगाच्या कडेला, पाठमोरी, हातात एकच मोजा.
म्हणते ते वाक्य अगदी साधं. त्यातला एक शब्द
मी मंगळवारपासून शोधतेय.

शरीरसंबंध लिहावं, तर हवालदार पंचनाम्याला बसतो.
समागम लिहावं, तर कोणीतरी सोवळ्यात खाकरतं.
संभोग म्हणजे नववीतलं ते प्रकरण,
केतकर बाईंनी 'घरी वाचा' म्हणून सोडलेलं,
आणि घरी, दोन्ही पानं डिंकानं चिकटलेली.
'तसलं' लिहू? 'ते'? 'काल रात्रीचं'?
आणि गंगाधाम चौकात टेम्पो आडवा येऊ दे,
प्रत्येक अवयवाला नाव आहे, क्रियापद आहे,
आई आहे, बहीण आहे.

शेवटी लिहिलं:
आपण जवळ येतो तेव्हा मी तिथे नसते.
मावलं.

वेळ जुळते का पाहायला मोठ्यानं वाचावं लागतं.
पुरुषांची वाक्यं श्रीरंग वाचतात,
व्हीआरएस घेतल्यापासून.
खून, कबुली, बाळंतपण, सगळं एका सुरात,
सोसायटीची नोटीस वाचावी तसं:
गुरुवारी पाणी येणार नाही.

मी माझी ओळ वाचली.
इथे त्या नवऱ्याला चार सेकंद गप्प बसायचंय.
संहितेत नुसती रिकामी जागा.
श्रीरंग म्हणाले, "कुठे असतेस?"

मी कागद पाहिला. नव्हतं.
"हे तुमचं वाक्य नाही."
"माहितीये."

खाली ओसवालांची स्कूटर चालू होत नव्हती.
एक किक. दोन. पाच.

मग मी सांगितलं, स्क्रीनकडे बघत,
कारण तिकडेच बघायची सवय.
कधी ओट्यापाशी असते, दूध झाकलं का.
कधी छतावरच्या ओलीच्या डागात,
तो श्रीलंकेसारखा दिसतो.
कधी नुसती मोजत असते, साठपर्यंत.
बहुतेक वेळा साठाच्या आत होतं.

चष्मा काढून त्यांनी लेंग्याला पुसला. खूप वेळ.
"मला वाटायचं तुला नकोच असतं.
म्हणून मी उरकायचो."

उरकायचो.
एवढ्या शोधात हा शब्द मला सुचला नव्हता.
धुणं, श्राद्ध, सोसायटीची वार्षिक सभा, आणि हे.
सव्वीस वर्षं मी संपायची वाट पाहत होते
आणि ते माझ्याचसाठी संपवत होते.
हसू आलं. आधी मला, मग त्यांना, मग ते हसू
मध्येच कुठेतरी फाटलं.

पडद्यावर चार सेकंद संपले.
तो नवरा काही विचारत नाही. उठतो, किल्ल्या घेतो.
मी टाइप केलं: दार आपटल्याचा आवाज.
वरच्या रिकाम्या जागेत 'कुठे असतेस?' घातलं,
पाहिलं, खोडलं.
तपासणारी परत पाठवेल,
आणि खरंच, तो कुठे म्हणाला होता.

अंधार पडला होता. काचेत आम्ही दोघं,
नीट नाही, ट्यूबलाइटनं मधोमध कापलेले.
"पुढचं वाक्य कोणाचं?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, "थांब. बघते."